मागून जाळीचा हेडफोन

सिडकोतल्या ज्या घरात मी सहा वर्षं राहतो, जेवतो आणि आजारी पडतो, त्या घराच्या मालकिणीला एका दुपारी मी भजनाच्या दुसऱ्या रांगेत बसवलं.

या मालकीणबाई म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणतो. माहेर दिंडोरीकडचं, आवाज खणखणीत, आणि गल्लीतलं भजनी मंडळ सुरू झाल्यापासून पेटीवर आणि पहिल्या ओळीवर हक्क त्यांचाच. मी मूळचा भंडाऱ्याकडचा. नववीत शाळेनं मला आणि मी शाळेला सोडलं (आधी कुणी सोडलं, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही). गणिताच्या पेपरला भीतीनं माझा पाय असा हलायचा की सगळा बाक हलायचा आणि शेजारच्या मुलाचं अक्षर बिघडायचं. पुढे काही वर्षं मिळेल ते केलं, आणि मग ताईनं नाशिकला बोलावून घेतलं. "चार दिवस राहा, काम लागलं की खोली बघ," असं ठरलं होतं. काम लागलं. खोलीचा विषय मात्र मावशींनी कधी काढू दिला नाही. हॉलमधली लोखंडी कॉट माझी झाली, ती आजपर्यंत माझीच आहे.

काम म्हणजे साउंड सर्व्हिस. लग्नात, हळदीत, दुकानाच्या उद्घाटनात माईक उभे करायचे, वायरी अंथरायच्या आणि "हॅलो, माईक चेक" म्हणायचं. एवढ्यावर गल्लीत माझी ख्याती झाली की याला आवाजातलं कळतं. मी ती खोडून काढली नाही. नववी सोडलेल्या माणसाला लोक जाणकार म्हणत असतील, तर तो कशाला घाईनं नाही म्हणेल?

मंडळानं आदल्या वर्षी एका भजन स्पर्धेला मोबाईलवर रेकॉर्डिंग करून पाठवलं होतं. ते नापास झालं. कारण दुसऱ्या कडव्यात गल्लीतला हातगाडीवाला गिलक्याचा भाव सांगत होता, आणि दुर्दैवानं तो भाव अगदी समेवर आला होता. मागे कसलाही जादा आवाज नको, हा स्पर्धेचा कडक नियम. निवड झाली तर मोठ्या स्टेजवर गायला बोलावणार.

"एकदा त्या स्टेजवर गायले ना," मावशी म्हणायच्या, "मग गुडघे राहिले काय अन् गेले काय."

म्हणून यंदा बायकांनी वर्गणी काढली. बारीकसारीक दोष ऐकू येईल असा हेडफोन आणायचा, आणि तो निवडणार मी. आमच्या शेठनी एक रेकॉर्डर दोन दिवसांसाठी दिला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"पाय हलवू नको रे," मावशी म्हणाल्या. "लक्ष्मी जाते घरातून."

कॉलेज रोडच्या दुकानात हेडफोनसाठी काचेची वेगळी खोली होती. आत इतकी शांतता की मला माझंच पोट ऐकू आलं. दुकानदार सज्जन होता. त्यानं तीन हेडफोन पुढे ठेवले. मी घरून मावशींचं ते नापास रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये नेलं होतं. गिलकी कुठे येतात ते मला पाठ होतं, म्हणजे परीक्षा सोपी. पहिल्या हेडफोनमध्ये ढोलकीच ढोलकी. डोक्यावर पातेलं पालथं घालून कुणी बडवतंय असं वाटलं. दुसऱ्यात मावशींना सर्दी झाली होती. तिसरा डोक्यावर ठेवला. डावीकडे टाळ, उजवीकडे ढोलकी, मधोमध मावशी, आणि ओळ उचलायच्या आधी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा. हातगाडी कुठल्या कोपऱ्यावर उभी होती तेही कळत होतं.

"हा उघड्या पाठीचा आहे," दुकानदार म्हणाला. हेडफोनच्या वाट्यांना मागून जाळी होती, चहाच्या गाळणीसारखी. "बंद पाठीचा म्हणजे दारं-खिडक्या लावून बसणं. हा म्हणजे ओट्यावर येऊन बसणं. गाणं मोकळं होतं. हाय फ्रिक्वेन्सी स्वच्छ येते. मात्र…"

मात्रच्या पुढे तो बरंच बोलला. पण मी 'हाय फ्रिक्वेन्सी' हा शब्द पाठ करण्यात गुंतलो होतो आणि मान हलवत होतो. शाळेतही मी असाच मान हलवायचो. समजलं नाही म्हणून परत विचारायचं, तर आपलं शिक्षण निघतं, ही भीती.

रेकॉर्डिंग शेवटच्या तारखेला ठेवलं होतं (त्याआधी मंडळाचा मुहूर्त लागत नव्हता). संध्याकाळी सहापर्यंत ते पाठवायचं होतं. दुपारी एकला हॉलमध्ये सतरंजीवर दोन रांगा बसल्या. पुढे मावशी पेटी घेऊन, त्यांच्या उजव्या हाताला शेवाळेकाकू. शेवाळेकाकू शेजारच्या रो-हाऊसमधल्या. त्यांच्याकडे स्वतःची पेटी आहे, पहिली ओळही पाठ आहे, आणि दोन्हींची गरज कधी पडते याची त्या खूप वर्षं शांतपणे वाट बघत होत्या.

अभंग झाला. मी सगळ्यांना चहाला आत पाठवलं. "ऐकताना मला शांतता लागते," असं म्हणालो. लोकांना बाहेर काढायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. मग कॉटवर बसलो, हेडफोन लावला.

गाणं सुरेख. पण मागे काहीतरी घासत होतं. बारीक, अधूनमधून, मध्येच लागोपाठ. हे परीक्षकांनी ऐकलं की संपलं.

बायका चहा पिऊन आल्या. "काय रे, कसं झालं?" मावशींनी विचारलं.

आता मला जो आवाज ऐकू आला तो सरळ तोंडानं काढून दाखवता आला असता. पण जाणकार माणूस तोंडानं आवाज काढत नाही. मी म्हणालो, "हाय फ्रिक्वेन्सीला गडबड आहे."

सगळ्या गंभीर झाल्या. काय गडबड, हे कुणी विचारलं नाही. म्हणजे मान हलवणारा मी एकटाच नव्हतो.

मी पंखा बंद केला. दुसऱ्यांदा अभंग झाला. बायका आत, मी कॉटवर. पंख्याची घरघर गेली होती, आवाज मात्र होताच. मग माझं लक्ष बांगड्यांकडे गेलं.

"बांगड्या काढाव्या लागतील," मी म्हणालो, आणि खोलीत अशी शांतता पसरली की दुकानातली काचेची खोली आठवली.

"काहून रे?" ताई म्हणाली. चिडली की ती थेट भंडाऱ्यावर जाते. "सवाष्ण बायांना बांगड्या काढा म्हणतोस? आईला फोन लावू काय?"

तडजोड झाली. प्रत्येकीच्या मनगटाला रुमाल, फडकी, एकीला तर माझा मोजा बांधला (धुतलेला). क्रिकेटच्या मैदानावर जखमी झालेला संघ भजनाला बसलाय असं दृश्य होतं. तिसरा अभंग झाला. आवाज होताच, उलट वाढला होता.

"पेटीचा भाता असेल," मी म्हणालो.

"माझ्या पेटीला काय बी झालेलं नाय," मावशी म्हणाल्या. "आण ते इकडं, मला ऐकू दे." त्यांनी सतरंजीवर बसूनच हेडफोन लावला, डोळे मिटले, सगळा अभंग ऐकला. "मला तर लय चांगलं वाटतंय. कसलाच आवाज नाय."

मी मनात म्हणालो, सत्तरीच्या कानाला हाय फ्रिक्वेन्सी कुठून ऐकू येणार. हे मनात म्हणालो याची मला अजून लाज वाटते. शेवाळेकाकूंनी तेच मोठ्यानं म्हणून टाकलं.

"वय झालं की कानाचं असं होतं हो, मावशी. मी माझी पेटी आणते ना." आणि त्या पेटी घेऊन परतसुद्धा आल्या. पेटी बहुधा सकाळपासून दारातच ठेवलेली होती.

चौथा अभंग शेवाळेकाकूंच्या पेटीवर, पहिली ओळ मात्र मावशींचीच. साडेतीन वाजले होते. पंखा बंद, रुमाल बांधलेले, सगळ्या घामानं निथळत होत्या. मी कॉटवर बसलो. तोच आवाज. पंखा गेला, बांगड्या गेल्या, पेटी गेली. चारही वेळा तीच राहिलेली गोष्ट एकच होती: मावशींचा गळा.

ज्या बाईनं मला सहा वर्षं पहिली पोळी वाढली, तिच्यासमोर उभं राहून मी म्हणालो, "मावशी, तुमच्या आवाजातच थोडी हाय फ्रिक्वेन्सी आलीय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला त्यातलं कळतं बाबा," त्या म्हणाल्या, आणि उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

ताई माझ्याशी बोलेनाशी झाली. पाचवा अभंग शेवाळेकाकूंनी उचलला. बराच वर उचलला. मी कॉटवर बसलो आणि हेडफोन लावला तेव्हा मला घाम फुटला होता. दुसरी खोली बघावी लागणार, भंडाऱ्याचं तिकीट काढावं लागणार, असे सगळे विचार एकदम आले. आणि तो आवाज! आता तर गाण्यापेक्षा तोच जोरात येत होता. म्हणजे शेवाळेकाकूंच्याही गळ्यात?

तेवढ्यात बायका आतून येऊन आपापल्या जागी बसल्या आणि भाऊजी कंपनीतून आले. ते सातपूरला मशिनवर काम करतात. मशिन बिघडलं की ते पहिला प्रश्न कधीही मोठा विचारत नाहीत. दारात चप्पल काढता काढता त्यांनी रुमाल बांधलेल्या बायका बघितल्या, दुसऱ्या रांगेतली आई बघितली.

"काय झालंय?"

"हाय फ्रिक्वेन्सी," चारपाच जणी एकदम म्हणाल्या.

"ते असू दे. आवाज कसा येतो नक्की? काढून दाखव."

मी इकडेतिकडे बघितलं. उपाय नव्हता. "कुई," मी म्हणालो. "कुई, कुई… कुई."

ताईनं कपाळावर हात मारला. मावशी तोंडाला पदर लावून हसून हलायला लागल्या. भाऊजींनी माझ्या कॉटकडे बोट केलं.

"चार महिने झाले, सांगतोय तुला. नट आवळ म्हणून."

त्यांनी माझ्याकडून हेडफोन घेतला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कुकरची शिट्टी येतेय. चालू आहे ना हे?"

"नाही, बंद आहे."

दुकानदाराच्या 'मात्र'पुढचं वाक्य मला त्या क्षणी अख्खं ऐकू आलं: मात्र ओट्यावर बसल्यावर गल्लीतलं सगळं आत येतं. मी ऐकायला बसलो की काळजीनं पाय हलवायचो, पाय हलला की कॉट कुरकुरायची, कुरकुर जाळीतून माझ्या कानात यायची, ती ऐकून काळजी वाढायची आणि पाय आणखी जोरात हलायचा. कॉटचा आवाज घरातल्या कुणालाच नवा नव्हता. पण मी तो कुणाला सांगितला कुठे होता?

मी जमिनीवर मांडी घातली (पायावर ताई बसली) आणि सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. दुसरं अगदी लख्ख होतं. मावशींची पेटी, मावशींचा गळा, मोकळ्या बांगड्या. सहाला वीस मिनिटं असताना ते पाठवलं. शेवाळेकाकू आपली पेटी उचलून म्हणाल्या, "माझं पाचवंही बरं झालं होतं, नाही?" ताईनं त्यांना दार उघडून दिलं.

रात्री जेवायला बसलो. मावशींनी नेहमीसारखी पहिली पोळी मला वाढली, आणि ताटात चटणीच्या जागी पाना ठेवला.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं तर चुकलं. तू आला त्या साली रातच्याला ती कॉट लय वाजायची. मी आत पडल्या पडल्या म्हणायचे, पोराला घर आठवतंय. वाजायची थांबली की मग मी झोपायचे." त्यांनी पोळीवर तूप सोडलं. "मी इतकी वर्षं ऐकली. तू एक दिवस ऐकली तर काय झालं?"

मी पाना उचलून खिशात घातला.

मी चारही नट आवळले. मंडळाची निवड झाली, मावशी त्या स्टेजवर पुढच्या रांगेत मधोमध बसून गायल्या आणि गुडघेही अजून आहेत. पण नट आवळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "त्यातला एक ढिला कर बाबा. काहीच आवाज आला नाय तर वाटतं, पोरगं गावाला निघून गेलं." त्यामुळे एक नट आजही ढिला आहे.

गल्लीत माझी ख्याती अजून टिकून आहे, कारण मंडळातल्या बायकांनी खरं काय ते बाहेर कळू दिलेलं नाही. परवाच एकानं विचारलं, बारकाईनं गाणं ऐकायचं तर कुठला हेडफोन घ्यावा? मी म्हणालो, मागून जाळीचा घ्या, शांत खोलीत जमिनीवर बसा, आणि मला बोलावू नका.