दारावरचा पाचवा

विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या सामानाची एक खोली होती. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला कबड्डी संघाच्या आजवरच्या पाच उत्तम कोपऱ्यांची नावं खडूनं लिहिलेली असत. कोपरा म्हणजे टोकाला उभा राहून चढाईवाल्याचा पाय धरणारा गडी. दरवर्षी जाणारा कप्तान ही यादी नव्यानं मांडायचा, आणि मग वर्षभर त्या अक्षरांना कुणी हात लावायचा नाही. एवढा मान आम्ही परीक्षेच्या निकालालाही दिला नाही.

सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी कप्तान मी होतो. आमचा डावा कोपरा माझ्याच खोलीत राहायचा, मेढ्याकडचा. त्यानं घोटा धरल्यावर कुणी सुटून गेल्याचं मला आठवत नाही. यादीत पहिला तोच येणार, हे सगळे धरून चालले होते.

सांगलीतल्या अंतिम सामन्यात बरोबरी झाली होती आणि शेवटची चढाई समोरच्यांची होती. त्यांचा गडी रिकामाच परतला असं पंचांसकट सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात यानं हात वर केला. "माज्या खांद्याला बोट लागलंय त्येचं," म्हणाला आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन बसला. आम्ही एका गुणानं हरलो.

माझं डोकं फिरलं. यादी लिहिताना मी त्याला पाचवा टाकला. त्यानं वाचलं आणि नुसतं "बरं" म्हणाला.

पुढं तो सैन्यात भरती झाला. त्याचं सामान न्यायला वडील येणार होते. पोराचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता. आदल्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, "गड्या, उद्या आबा येत्यात. माजं नाव वर घेतोस का? त्येस्नी दावायला तेवढंच हाय माज्याकडं." त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी त्याला नियम ऐकवला. ओला रुमाल फिरवला असता तरी काम झालं असतं, पण माझा ताठा उतरला नव्हता. त्याची लाज मला अजून वाटते.

आबांना वाचता येत नव्हतं. दारापुढं उभे राहून त्यांनी विचारलं, "ह्यात तू कंचा रं?" वरच्या नावावर बोट ठेवलं असतं तर त्यांना काय कळणार होतं? ठेव बाबा, असं मी मनात म्हणत होतो. त्यानं सगळ्यात खाली बोट ठेवलं.

"ह्यो. पाचवा."

आबांनी नावाजवळ हात नेला आणि पुसलं जाईल म्हणून मागं घेतला.

दोन वर्षांनी डोंगरातल्या रस्त्यावर लष्कराची गाडी दरीत गेली, त्यात तो गेला. मी मेढ्याला भेटायला गेलो तेव्हा आबा ओसरीवर बसलेल्यांना सांगत होते, "समद्या कॉलेजात पाचवा नंबर व्हता त्येचा."

मला राहवलं नाही. "आबा, तो पहिला होता. पाचवा मी रागानं लिहिला."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आसं माजं मन राखाया बोलू नगंस, पोरा. त्यो सोता म्हनलाय पाचवा. माजं पोरगं खोटं बोलत न्हवतं."