ट्यूबवरची तारीख

डाळिंबावर तेल्या रोग पडला की फळावर काळे, तेलकट डाग उमटतात आणि फळ तडकतं. करमाडला मामाच्या बागेत मी ते लहानपणापासून पाहत आले. पीएचडीला विषयही तोच घेतला: तेल्याच्या जिवाणूतलं एक जनुक काढून टाकलं, तर तो डाळिंबाच्या पानावर रोग पाडू शकेल का?

या जिवाणूला काचेच्या बशीत आयतं खाऊ घालत राहिलं, की काही महिन्यांत तो रोग पाडायचं विसरतो. माझे वडील शेळ्यांबद्दल हेच सांगायचे, "दावणीला आयतं खाणारी शेळी रानात नेली तर नुसती उभी राहती." म्हणून आमच्या लॅबमध्ये त्याला अधूनमधून जिवंत पानावर सोडायचे, डाग पडू द्यायचे आणि त्या डागातून पुन्हा काढायचे. पंधरा दिवसांचं किचकट काम. सगळे ते टाळायचे.

या जिवाणूची माझी पहिली ट्यूब मला ताईनं दिली. ताई म्हणजे लॅबमधली सीनियर, सिल्लोडची, होस्टेलवर माझ्याच खोलीत. माझ्या घरून आलेल्या भाकरी-ठेच्यात निम्मा वाटा तिचा. ट्यूबवर तिनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पानावरून ताजा', खाली तारीख. दुसऱ्याची ट्यूब आधी पानावर तपासायची, असा नियम होता. पण ताईची ट्यूब तपासायची? मला नुसत्या विचारानंच लाज वाटली.

त्यातल्या जिवाणूचं जनुक मी काढलं आणि तो पानांवर सोडला. पानं हिरवीगार राहिली. शेजारच्या कुंडीत लॅबच्या साठ्यातला, जनुक न काढलेला जिवाणू सोडला होता, तिथं डागच डाग. माझ्या गाइड सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ताई माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मग जनुक परत घालायचं. रोग परतला, तरच सिद्ध होतं की तो त्या जनुकामुळेच पडतो. रोग परतला नाही. वर्षभर मी तेच करत राहिले, स्वतःच्याच हातांना शिव्या देत. फेलोशिपचे चार महिने उरले, तेव्हा कुठं सुचलं: ताईच्या ट्यूबमधला जिवाणू तसाच पानावर सोडून बघू. पंधरा दिवस थांबले. एकही डाग नाही. मी हात लावण्याआधीच तो निकामी होता.

ताई तोवर लग्न होऊन पुण्याला गेली होती. फोन केला.

"अगं, तेव्हा लग्नासाठी स्थळं बघणं चालू होतं, सारखं गावाला जावं लागायचं. पंधरा दिवस कुठून आणू?" ती म्हणाली. "जुन्याच बशीतून भरला अन् तारीख टाकली."

माझी दोन वर्षं मातीत गेली होती. मी रडले, तीही रडली.

"सरांना सांगशील?"

"व्हय गं, सांगते. तू नको काळजी करू."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला, स्पीकरवर.

"सर, मी ताजाच दिला होता. वर तारीख आहे बघा," ताई म्हणाली. "तिनंच नीट ठेवला नसेल. लई धांदरट आहे ती." होस्टेलवर म्हणायची तशीच, लाडानं म्हणाली.

केसानं गळा कापला तिनं. सरांनी हात पुढं केला. मी ट्यूब दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तारीख वाचली आणि माझ्याकडं पाहिलं.

"बरोबर आहे की तिचं."