नळासमोर काढलेली चप्पल

चेन्नईच्या आमदार निवासात सेतुरावकाका नळ सोडण्याआधी चप्पल काढून बाजूला ठेवत. बादली भरायची असो, नाहीतर नुसती चूळ भरायची असो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हस गं बी.ए., हस. पाणी आपल्या दारी येतं. तेव्हा चपलेत उभं राहू नये."

मी त्यांच्याच गावची, तंजावरकडच्या मराठी घरातली. वडील देवळात स्वयंपाक करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी आजही मान वर करून सांगते. काकांना त्याचं माझ्याहून जास्त कौतुक. त्यांची कागदपत्रं सांभाळायला मला कामाला ठेवलं तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारलीच नाही. स्वतः शाळा अर्ध्यात सोडलेले. भातशेती केली, कालव्याच्या पाण्यावरची भांडणं मिटवता मिटवता आमदार झाले. कालव्याच्या तोंडाशी लोखंडी दार होतं. दरवर्षी नदीचं पाणी आलं की गावाचा ज्याच्यावर भरवसा, त्यानेच अनवाणी जाऊन त्या दाराचं चाक फिरवायचं. तो मान काकांचा. "सभागृहातली खुर्ची पक्षाची," ते म्हणत, "चाक माझं."

मग एका वर्षी नदीला पाणीच आलं नाही. चेन्नईत आम्ही पाण्याच्या लॉरीमागे घागरी घेऊन धावत होतो. गावात रोपं उभ्या उभ्या वाळली. काकांनी गावाला शब्द दिला, "रोपं मेली, हे मी सभागृहात उभा राहून सांगतो."

त्या दिवशी मी प्रेक्षकांच्या सज्जात होते. काकांच्याच पक्षाचे मंत्री म्हणाले, एकही रोप वाळलेलं नाही. काका अर्धवट उठले. शेजारच्या पुढाऱ्याने त्यांच्या वेष्टीचा, त्या लुंगीवजा धोतराचा, काठ धरून त्यांना खाली ओढलं, कानात काहीतरी सांगितलं. काका बसले. त्यांच्या बाजूची बाकं वाजू लागली, आणि काकांचा हातही बाकावर वाजला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

"पुढच्या वेळी तिकीट हवंय का, एवढंच." गाडीत बसल्यावर आपल्या तळव्याकडे बघत म्हणाले, "अय्यो, बसलो ते बसलो. हा कसा गं उचलला गेला?"

संध्याकाळच्या बातम्यांत तो हात गावातल्या चहाच्या दुकानात सगळ्यांनी पाहिला.

पुढच्या वर्षी पाणी आलं. आम्ही गावी पोचलो. काका बांधावर चप्पल काढून दारापाशी गेले. दार उघडलेलं होतं. पाणी केव्हाच शेतात शिरलं होतं. चाकाशी उभा असलेला गावातला म्हातारा गोविंदन तमिळमध्ये, अगदी आदराने म्हणाला, "या ऐया. बाकं वाजवून तुमचा हात दुखत असेल. म्हटलं, चाकाचा त्रास कशाला द्या?"

कुणी हसलं नाही. कॉफी आणली. काकांनी ती उभ्यानेच संपवली.

चेन्नईला परतल्यावर ते तोंड धुवायला गेले. चप्पल पायातच.

"काका, चप्पल," मी म्हणाले.

"असू दे, बी.ए. हे पाणी पाइपातून येतं. माझ्या दारी येत नाही."

तिकीट मात्र त्यांनाच मिळालं. ते जाहीर झालं त्याच आठवड्यात एका सकाळी काका न्हाणीघरात पडलेले सापडले. अंग गार झालं होतं. नळ वाहत होता, चप्पल पायात होती.

पक्षाची माणसं झेंडा घेऊन यायच्या आत मी ती काढली. मग नळ बंद केला.