टोपण आपल्या हातात

शाईचा डाग कधी एकटा नसतो. खिशावरचा धुवायला घ्यावा तर बाहीवर दुसरा सापडतो, तो घासताना धोतरावर तिसरा. किश्श्यांचंही तसंच आहे. परवा मुलाला आमच्या पेनांचा एक किस्सा सांगायला बसलो, तर त्याच्यामागून पाच-सहा आले आणि सांबार गार झालं. बायको म्हणाली, "लिहून तरी ठेवा, म्हणजे बोलायचे थांबाल." म्हणून लिहितोय. देवनागरीत लिहितोय, याचं श्रेयही तिचंच. ती सांगलीची. आम्ही तंजावूरची मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतो आणि वाणसामानाची यादी तमिळमध्ये लिहितो.

बाजार खुला झाला म्हणतात, ते दिवस. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत डिश अँटेना आला, कोपऱ्यावर आयएसडीचं बूथ आलं, आणि भीमरावांच्या स्टेशनरीच्या दुकानात चिनी पेनं आली. चकचकीत टोपण, निमुळतं अंग, आणि निब अशी लपवलेली की नुसतं टोक दिसावं. किंमत इतकी कमी, की बिघडलं तर वाईट वाटू नये आणि दुरुस्त झालं तर मात्र जग जिंकल्यासारखं वाटावं.

आमचं मंडळ चौघांचं. दुकानवाले भीमराव. घड्याळं दुरुस्त करणारा मुरुगेसन, त्याच्या डोळ्याला कायम भिंग. गणिताचे निवृत्त मास्तर सेतुराव. आणि मी, पाटबंधारे खात्यातला कारकून. रविवारी सकाळी आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आम्ही वर्तमानपत्र पसरून पेनं उघडून बसायचो. बायको आलेल्यांना सांगायची, "थांबा जरा, ऑपरेशन चाललंय."

*

त्या पेनांच्या टोपणावर दोन चिनी अक्षरं कोरलेली असत. गिऱ्हाईक विचारायचं, "काय लिहिलंय?" भीमराव माणूस बघून उत्तर द्यायचे. विद्यार्थ्याला सांगायचे "विद्या", वकिलाला "जय", तांदळाच्या व्यापाऱ्याला "लक्ष्मी". पेनं धडाधड खपत होती.

एके दिवशी एक वकील आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा एकदमच दुकानात आले. बोलता बोलता दोघांनी टोपणं शेजारी शेजारी धरली. अक्षरं हुबेहूब तीच. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि उलटतपासणी सुरू केली. "माझ्या पेनावर जय, याच्या पेनावर विद्या. कुठलं खरं?"

भीमराव जराही न डगमगता म्हणाले, "सार, विद्या असली की जय येतोच की. चिनी माणूस एक गोष्ट दोनदा लिहीत नाही."

वकीलसाहेबांनी आणखी एक पेन घेतलं.

*

या पेनांचा पुढचा भाग चिकटवलेला असतो. निबेपर्यंत पोचायचं तर तो गरम पाण्यात बुडवून डिंक सैल करावा लागतो. मुरुगेसनने एकदा त्यासाठी आमच्याच घरातला दवरा घेतला. कॉफी निववायची आमची ती पितळी वाटी. त्यात कढत पाणी ओतलं आणि पेनाचं तोंड बुडवून ठेवलं. नंतर पेन काढून तो ते उघडण्यात गुंतला, आणि दवरा तिथंच राहिला.

सेतुराव तेव्हा कुणाच्या तरी मुलाचं गणित तपासत होते. गणितात शिरले की मास्तरांना घर आणि दार यांतला फरक कळत नाही. त्यांनी न बघता हात लांबवला, दवरा उचलला, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "वहिनी, आज दूध विसरलां वाटतं. डिकॉक्शनही जरा पातळच."

दात निळे, ओठ निळे, तरी वर तोंड करून तक्रार! आम्ही तिघं हसून लोळलो. बायको हसली नाही. सासरी येऊन वर्षभर घासून ती हे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढायला शिकलेली. ती एवढंच म्हणाली, "शाई पोटात गेली तर मी डॉक्टर बोलावते. पण माझ्या डिकॉक्शनला पातळ म्हणायचं नाही."

पुढचे दोन रविवार आम्हाला ताक मिळालं.

*

मुरुगेसनकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात मेलेल्या पेनांचे अवयव असत. टोपणं, निबा, निबेखालच्या जिभा, शाई ओढणाऱ्या रबरी नळ्या. एक पेन गेलं की त्यातून दुसऱ्या तिघांना जीवदान मिळायचं. माझ्या एका पेनाचं टोपण एकाचं, धड दुसऱ्याचं आणि निब तिसऱ्याची होती. अक्षर मात्र माझंच वाईट.

नळ्या संपल्या तेव्हा त्याने सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब कापून भीमरावांच्या पेनात बसवली. पेन झकास चालू लागलं. भीमराव आठ दिवस ते नाकाशी नेऊन हुंगत होते. मग त्यांनी शंका काढली, "ही पंक्चर झाली तर रे?"

मुरुगेसनने डोळ्यावरचं भिंग न काढता सांगितलं, "मग सायकलवाल्याकडे जा, राव. मी घड्याळवाला आहे."

*

आता सेतुराव मास्तरांविषयी. पेन उसनं द्यायचं तर टोपण आपल्या हातात ठेवायचं, ही रीत आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. उघडं पेन कुणी खिशात घालू शकत नाही, त्यामुळे ते परत येतं. पण मास्तरांच्या बाबतीत ती रीत नव्हती, ते व्रत होतं. सख्ख्या भावाला सही करायला पेन दिलं, तरी टोपण मास्तरांच्या डाव्या मुठीत.

एकदा बँकेत ओरत्तनाडूच्या एका शेतकऱ्याने स्लिप भरायला त्यांचं पेन मागितलं. बिचाऱ्याची बस चुकत होती. स्लिप दिली, पैसे घेतले, आणि हातात उघडं पेन तसंच धरून तो पळाला. मास्तर मागोमाग स्टँडवर. बस सुटायच्या बेतात होती. मास्तर पुढच्या दारातून चढले, कंडक्टरशेजारी उभे राहिले आणि एक शब्द न बोलता टोपण वर धरलं.

तीस वर्षं त्या भागातल्या पोरांना त्यांनी गणित शिकवलेलं. निम्मी बस त्यांच्या हातचा मार खाल्लेली. सगळे आपापले खिसे चाचपू लागले.

मास्तर खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात तीन पेनं होती.

*

याच मास्तरांची एकुलती एक मुलगी उमा. आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे वेणी घालण्यापासून सगळं मास्तरांनीच केलं. वेणी नेहमी एका बाजूला कललेली असायची.

तिच्या प्रत्येक परीक्षेला एक ठरलेला प्रकार व्हायचा. मास्तर शाळेच्या फाटकाशी आपलं पेन खिशातून काढायचे, टोपण उघडायचे, पेन तिला द्यायचे आणि टोपण मुठीत धरून तीन तास चिंचेच्या झाडाखाली उभे राहायचे. पेपर सुटला की उमा धावत यायची आणि त्यांच्या मुठीतल्या टोपणात पेन खट्‌कन बसवायची. मग पेपर कसा गेला ते विचारायचं. त्याआधी नाही.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, पोरीला तरी टोपण द्या की. ती काय पेन घेऊन पळून जाते?"

"राव, पेन कोठे जाईल हो," मास्तर म्हणाले. "ती बाहेर आली की माझ्याकडेच धावत येते. मला तेवढं पुरे."

कॉलेजातही हेच. कॉम्प्युटरच्या कोर्सच्या परीक्षेला तर सगळं मशीनवरच होतं, पेन लागणारच नव्हतं. तरी त्यांनी पेन दिलं आणि बाहेर टोपण धरून उभे राहिले.

*

मग उमाला अमेरिकेत नोकरी लागली. दोन वर्षांचा करार. त्या वर्षांत आमच्या गल्लीतून तशी तीन पोरं गेली, पण मुलगी पहिलीच. मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले आणि त्या रविवारी दुरुस्तीला आणलेलं पेन न उघडताच घरी नेलं.

मद्रासच्या विमानतळावर आम्ही चौघंही गेलो होतो. दारापाशी उमाने पिशव्या सावरल्या, सगळ्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "अप्पा, आत फॉर्म भरायचाय. पेन द्या."

मास्तरांचा हात आपोआप खिशाकडे गेला. टोपण निघालं, पेन तिच्या हातात गेलं. ती आत गेली. काचेतून पाठमोरी दिसली, मग दिसेनाशी झाली.

मास्तर टोपण धरून उभे होते. पंधरा मिनिटांनी भीमरावांच्या लक्षात आलं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, ती आता बाहेर येत नाही."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले, आणि आणखी अर्धा तास तसेच उभे राहिले.

परतीच्या प्रवासात त्यांनी टोपण खिशाला लावलं. नुसतं टोपण. बघणाऱ्याला वाटावं, पेन आहे.

महिनाभराने पत्र आलं. मराठीच, पण आमच्या रिवाजाप्रमाणे तमिळ अक्षरांत. मास्तरांनी ते तिण्णैवर मोठ्याने वाचलं. पेन विमानात गळलं आणि पांढऱ्या चुडीदारावर निळी कावेरी वाहिली. लिहितं छान, पण टोपण नसल्यामुळे रोज सकाळी निब वाळलेली असते. इथल्या दुकानातलं एकही टोपण बसत नाही. मुरुगेसनमामांच्या डब्यातलं एक पाठवा.

आमच्या मंडळाला इतकं महत्त्वाचं काम कधी मिळालं नव्हतं. मुरुगेसनने डबा उपडा केला आणि त्याच जातीचं एक टोपण शोधलं. त्याच्या क्लिपवर बारीकसा ओरखडा होता, तो घासूनही पूर्ण गेला नाही. भीमरावांनी जाड पाकीट दिलं. इंग्रजी पत्ता मी घातला. मास्तर पाकीट घेऊन पोस्टाकडे गेले, ते आम्ही तिघांनीही पाहिलं.

त्यानंतर पत्रं येत राहिली. टोपण मिळालं का, असं आम्ही विचारलं की मास्तर म्हणायचे, "समुद्रापलीकडचं टपाल. वेळ लागतो."

दोन वर्षं पुरी व्हायला आली. मास्तरांनी घराला चुना काढून घेतला. उमाच्या खोलीत नवा पंखा लावला, आणि तो नीट फिरतो का ते दाखवायला आम्हाला एकेकाला नेलं.

आणि एका रविवारी ते पत्र हातात घेऊन आले. या खेपेला मोठ्याने वाचलं नाही, माझ्या हातात दिलं. बॉलपेनने लिहिलं होतं. कंपनीने करार आणखी तीन वर्षं वाढवला. पगार वाढला. "अप्पा, तुम्ही हो म्हटलंत तरच राहीन. टोपण काही पोचलं नाही, टपालात हरवलं असणार. पेन मी जपून ठेवलंय."

मी पत्र वाचून दाखवलं. भीमरावांनी टपालखात्याला एक शिवी हासडली. बायकोने पुढ्यात ठेवलेली कॉफी मास्तरांनी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "उत्तर आताच लिहितों. राहा म्हणून कळवतों. राव, एक पेन द्या."

त्यांच्या खिशाला दोन क्लिपा चमकत होत्या. भीमराव म्हणाले, "मास्तर, एक टोपण नुसतंच असलं तरी दुसरं पेन आहे की तुमच्या खिशात."

मास्तरांनी दोन्ही काढून तिण्णैवर ठेवली. दोन्ही पोकळ होती. मुरुगेसनने सवयीने एक उचलून भिंगाखाली धरलं. क्लिपवरच्या ओरखड्याशी त्याचं बोट थांबलं. त्याने ते टोपण होतं तिथंच हलकेच परत ठेवलं.

मी माझं पेन मास्तरांना दिलं. टोपणासकट.