पुरुषांची गोळी

मिरजेच्या दवाखान्यात मशीनचे धक्के देऊन विजयमालाचा मूतखडा फोडला. मूत्रनळीत अडकलेल्या त्या खड्याचा चुरा आता लघवीवाटे पडायचा होता. डॉक्टरीणबाईंनी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला एक गोळी दिली. "हिनं नळी सैल पडते. पाणी भरपूर प्या. तुकडे अडकून बसले, तर किडनीला धोका आहे." विजयमालाच्या डोक्यात शेवटचंच वाक्य राहिलं.

कवठे महांकाळजवळच्या गावात तिची तीस वर्षं बेदाण्यात गेली होती. शेडवर बसायचं, काड्या आणि काळे मणी निवडायचे, आणि सारखं उठायला नको म्हणून पाणी कमी प्यायचं. सूर्य बुडाला की अन्नपाणी बंद, हा जैन घरातला नेम माहेरापासूनचा. बाळंतपणात सासूनं विनवलं, तरी तिनं तो मोडला नव्हता. नेमाबद्दल बोलून दाखवायची मात्र तिला सवय नव्हती. ती गोळी पाचच्या जेवणावर घ्यायची आणि मग उजाडेपर्यंत थेंब नाही.

तिसऱ्या सकाळी देवळात जायला उठली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. दाराची चौकट धरली म्हणून पडली नाही. सून प्रीतीनं गोळीचं नाव मोबाईलवर शोधलं.

"आई, ही तर पुरुषांची गोळी हाय. म्हाताऱ्या माणसांची लघवी अडली की देतात."

"म्हंजे माझी गोळी तुला दिली व्हय?" आदगोंडा नवऱ्याच्या हक्कानं हसला. "विजे, मिशा फुटतील बघ."

ती हसली नाही. दवाखान्यात गर्दी होती, दुसऱ्या कुणाशी कागद बदलला असेल. चुकीच्या गोळीनं किडनी गेली तर? त्या दिवसापासून ती गोळी पदराआड धरायची आणि मोरीत टाकायची.

दोन दिवसांनी कमरेतून मांडीपर्यंत कळ गेली. लघवी लाल, तीही थेंब थेंब. मिरजेपर्यंत जीपमध्ये तिचे ओठ णमोकार म्हणत हलत होते. मधेच अडलं की पुन्हा पहिल्यापासून.

सोनोग्राफी झाली. "किडनीची सूज वाढलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी चालू आहे ना?"

विजयमालानं खाली बघत सगळं सांगितलं.

"गोळी पुरुषांना देतात हे खरं. पण लघवीची ती नळी बायकांचीही तशीच असते, म्हणून खड्याला आम्ही दोघांनाही देतो. चक्कर येते, हे मी सांगायला हवं होतं. माझं राहिलं. उठताना आधी पलंगावर बसायचं, मग पाय टेकायचे. आणि रात्री पाणी किती पिता?"

"सूर्य बुडाल्यावर ती थेंब घेत न्हाई, बाई," आदगोंडा म्हणाला.

"मग हे मला सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं न्हाई," विजयमाला हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ते केसपेपरवर टिपून घेतलं. "नेम मोडा म्हणत नाही. पण उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत तीन लिटर गेलंच पाहिजे. गोळी पाचच्या जेवणावर घ्या, रोज घ्या. थंडी वाजून ताप आला, तर घरी थांबायचं नाही. सोमवारी सूज उतरली नसेल, तर लघवी उतरायला आत प्लास्टिकची नळी घालावी लागेल."

चार दिवस प्रीती तांब्या भरून पुढं उभी राहायची. विजयमाला दर तासाला स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची. लघवी फडक्यातून गाळायची, फडकं उजेडात धरायची. काही नसायचं. रविवारी दुपारी पुन्हा कळ आली, घाम फुटला, आणि फडक्यावर रव्याएवढे तीन करडे कण दिसले. ते सांडू नयेत म्हणून तिनं फडकं जमिनीवर ठेवलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. "सूज उतरतेय. आत नळी घालायची गरज नाही. एक तुकडा राहिलाय, तो पडेल असं वाटतं."

"न्हाई पडला तर?" विजयमालानं विचारलं.

"दहा दिवस गोळी घ्या. मग बघू."

दहा दिवस. आदगोंडाचा दंड घट्ट धरून ती जिना उतरली.