शाळेमागे ओतलेली आमटी

शाळेमागे त्यांनी आमटीचं पातेलं उपडं केलं. अख्खं. वाफ निघत होती. मी बघत उभी होते, चौदा वर्षांची. मी त्यात डाव घातला होता, एवढाच माझा गुन्हा.

त्या पावसात डोंगर खाली आला. आमची बौद्धवाडी गेली, वरच्या वाडीतली चार घरंही गेली. शेजारच्या गावाने सगळ्यांना शाळेत घेतलं. रत्नागिरीहून साहेब आले, चादरी वाटल्या, फोटो काढले. सरपंच म्हणाले, "हे आमचे पाहुणे." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून चुलीकडे गेली. स्वयंपाकाच्या बायकांनी तिला दारातच थांबवलं. "तुमी पावने. पावन्यांनी चुलीला हात लावायचा नस्तो. बसा." आई परत आली आणि मला म्हणाली, "जल्मात कोनी इतका मान दिला नव्हता गो." रोज जेवताना तेच सांगायची.

आठव्या दिवशी वरच्या वाडीतली एक वहिनी चुलीशी दिसली. तिचंही घर गेलेलं. अंगावर वाटपातलीच साडी. तीही पाहुणीच. पण तिच्या हातात डाव होता. आईने तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

मला कळलं. आमच्या हातचं त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ आत गेले, झाकण काढलं, आमटी ढवळली. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघींनी फडक्याने पातेलं उचललं आणि मागे नेलं. गुरुजींना सांगितलं, "पोरीनं दोनदा मीठ टाकलान." मिठाला मी हातही लावला नव्हता.

आईने मारलं नाही. म्हणाली, "कशाला गेलीस गो. मला पयल्या दिवसापास्नं म्हायती व्हतं."

म्हणजे आठ दिवस ते मानाचं बोलणं माझ्यासाठी होतं. आई गेली, पण तिचं ते "म्हायती व्हतं" गेलं नाही. अजून कुठे डाळीला फोडणी बसली की ते ऐकू येतं.

आज त्याच शाळेत मी शिकवते. डोंगराला पुन्हा भेग पडली आहे. वर्ग रिकामे करून ठेवायला सांगितलंय. स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे. लोक येतील, पातेलं चढेल, पहिला डाव मी घालीन. ज्यांना ती आमटी चालणार नाही त्यांनी उपाशी राहावं. ओतू मी देणार नाही.