पिवळी टेप

तीन वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी, आबा झोपलेले असताना मी त्यांच्या जुन्या मोटरसायकलचा रेग्युलेटर बदलला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आबांना, माझ्या वडिलांना, तर नाहीच.

मी जळगावात बातम्या तपासतो; सुटीला धुळ्याला, देवपुरात आबांकडे येतो. गाडीचे बल्ब सारखे उडत होते; विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर गेला होता. मला वाटलं, आपणच करून टाकू. आबांना विचारलं नाही – भिकनभाऊंशिवाय कुणी गाडी उघडलेली त्यांना चालत नसे. भिकनभाऊ कोपऱ्यावरचे मिस्त्री. वीस वर्षं आबांचा संध्याकाळचा चहा त्यांच्याच बाकावर. ज्या वायरला हात लावत, तिला ते पिवळी टेप गुंडाळत – पुढच्याला शोधावं लागू नये म्हणून.

सोमवारी दिवा मंद, हॉर्न मुका. पांझरा नदीच्या पुलावर गाडी बंदच पडली. शनिवारीच भिकनभाऊंनी चेन बदलली होती. आबांनी गाडी थेट त्यांच्याकडे नेली. मागून मी ढकलत होतो.

"काय करी ठेवं रे भिकन? हॉर्न बी वाजत नही!"

"मी चेन बदली, आबा. वायरले हात बी नही लावा. थांबा, देखस."

"राहू दे. म्हातारपण गाडीले नही, तुले उनं."

म्हातारपण भिकनलाच आलंय, हे ऐकून बाकावरचे दोघे हसले. भिकनभाऊ हातातला पाना पुसत राहिले. मी – मी का बोललो नाही? एक वाक्य पुरलं असतं.

गाडी ढकलत घरी आणली आणि मी सीट काढली. अर्थिंगची काळी वायर लोंबत होती. नव्या रेग्युलेटरच्या बोल्टखाली ती घ्यायची मीच विसरलो होतो. तिच्यावर टेप नव्हती.

वायर जोडली, बोल्ट कसला. तिथंच थांबता आलं असतं, नाही का? पण मी हेडलाइटच्या वायरवरची भिकनभाऊंची पिवळी टेप सोडवली, आणि या काळ्या वायरला गुंडाळली.

आबा बाहेर आले. मी म्हणालो, "ही सुटली होती." त्यांनी टेपवरून बोट फिरवलं.

"भिकनच ना?"

मी मान हलवली.

गाडी पहिल्या किकला चालू झाली. आजही चालते. देवपुरात आलो की आबा विचारतात, "भिकननं दुकान उघडं शे ना?"

"शे," मी सांगतो – आहे, उघडं आहे.

चहा ते घरीच घेतात.